घारी दिसतात म्हणून माळ नको?

"पुण्याच्या आकाशात घारीच घारी आहेत, म्हणजे शिकारी पक्षी शहराला सरावले. आता सासवड-सुप्याकडच्या पडीक माळांवर झाडं लावा, पक्ष्यांचं भलंच होईल." असा मजकूर मोबाईलवर फिरतो आहे. त्यातलं घारी आहेत एवढंच खरं.

घारीला काहीही चालतं. मटणाच्या दुकानामागची आतडी ती झडप घालून उचलते, दुभंगलेली शेपटी पिळत वळते आणि पंजातला तुकडा उडता उडताच चोचीने तोडते. घरट्यातही काटक्यांसोबत चिंध्या, तारा, प्लॅस्टिक. घारी वाढल्या तर कचरा वाढला असं फार तर म्हणता येईल. गरुड-ससाण्यांचं त्यावरून काहीच कळत नाही.

शिक्रा हा छोटा शिकारी पक्षी सोसायटीतल्या झाडांवर सरडे आणि लहान पाखरं टिपतो, गव्हाणी घुबड इमारतीच्या डक्टमध्ये पिल्लं वाढवतं, हे कबूल. पण त्याच इमारतीत ब्रोमाडिओलोन या उंदीरमार विषाच्या वड्या टाकल्या जातात. या विषाने रक्त गोठत नाही, मात्र उंदीर मरायला काही दिवस लागतात. तोवर तो सुस्तावून उघड्यावर फिरतो आणि नेमका घुबडाच्या पंजात सापडतो, म्हणजे विष घुबडाच्याही पोटात जातं. वड्यांऐवजी पिंजरा लावा.

सगळ्यात घातक शब्द 'पडीक'. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं वाढलेला माळ हे भरलेलं घर असतं. हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणारे भोवत्ये हे शिकारी पक्षी पंख किंचित वर धरून गवताच्या शेंड्यांलगत तरंगतात, नाकतोडे, सरडे, चंडोल हेरतात आणि दिवेलागणीला त्याच गवतात, जमिनीवर, झोपायला उतरतात. तिथे ओळीने खड्डे खणून रोपं लावली की आधी गवताची मुळं उखडतात, मग सावलीने उरलेलं गवत विरळ होतं. भोवत्याला ना शिकारीला जागा उरते, ना रात्रीला. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) झाडांची लागवड आहेच. तिच्याखाली गवत किती उरलंय ते जाऊन बघा.

माळावर झाडच नको, असं मात्र नाही. कापशी या छोट्या शिकारी पक्ष्याला घरट्यासाठी विखुरलेल्या बोरी-बाभळी लागतात. त्या आपसूक उगवलेल्या आहेत तशाच राहू द्या. गवत कापायचं तर बी पडल्यावर कापा, पण सगळं एकदम नको: काही पट्टे मार्चअखेरपर्यंत उभे ठेवा आणि वणव्यापासून जपा. भोवत्ये परत निघेपर्यंत त्यांना तेवढा आडोसा लागतोच.