सासऱ्यांच्या टर्कीच्या गोष्टी: तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, सासऱ्यांच्या टर्की पक्ष्याच्या शिकारीच्या गोष्टींवरच्या माझ्या पोस्टवर एवढी मोठी कमेंट लिहिलीत म्हणून मीही जरा सविस्तरच लिहिते. तुमचं म्हणणं असं की मी पक्षी मारण्याला आठवणींचा मुलामा दिलाय, आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद झाली तरी मी मराठी असून इथे अमेरिकेत बसून तिचं कौतुक करते, आणि माझ्या मुलाचा मारलेल्या टर्कीसोबतचा फोटो मी काढून टाकावा.

भारतात तो कायदा हवाच, त्याबद्दल वादच नाही. पण आमच्या मिसूरी राज्याची गोष्ट वेगळी आहे. इथे जंगलतोड आणि बेसुमार शिकारीने रानटी टर्की जवळपास संपल्या होत्या, 1937 ला शिकारीचा सीझनच बंद केला. पिंजऱ्यात वाढवलेल्या टर्की आणून सोडून बघितल्या, त्या रानात टिकल्याच नाहीत. मग 1954 पासून उरलेल्या खऱ्या रानटी टर्की जाळ्यात पकडून जिथे नव्हत्या तिथे नेऊन सोडल्या, हे काम 1979 पर्यंत चाललं. 1960 ला सीझन परत उघडला तो फक्त तीन दिवस, आणि सगळ्या राज्यात मिळून 94 टर्की मारल्या गेल्या! या सगळ्याला लागणारा पैसा बराचसा शिकाऱ्यांच्याच खिशातून आलाय, लायसन्सची फी आणि बंदुका-काडतुसांवरचा टॅक्स.

माझ्या सासऱ्यांच्या वडिलांनी लहानपणी स्वतःच्या शेतावर टर्कीची हाक कधी ऐकलीच नव्हती. पहिल्यांदा ऐकली तेव्हा ते मोठे बाप्ये झालेले, पहाटे सगळ्या घराला उठवून अंगणात उभं केलं त्यांनी. सासरे हे दर एप्रिलला सांगतात, तिथेच ओढ्याकाठी, अंधारात, आणि मग घुबडासारखा आवाज काढतात, झाडावर झोपलेला नर त्याला ओरडून उत्तर देतो आणि कुठे बसलाय ते कळतं.

तुम्ही लिहिलंय की अशा गोष्टींत दरवर्षी मसाला वाढतो. वाढतो ना, नराच्या पायाचा काटा दरवर्षी थोडा लांब होतो. पण झाड, कुंपण, वारा कुठून होता, हे कधी बदलत नाही, आणि मुलं रान ओळखायला शिकतात ती त्यातूनच.

आणि आमच्या घरात सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट मारलेल्या टर्कीची नाहीच. नवऱ्याची आत्या ओकच्या झाडाला पाठ टेकून बसलेली, अजिबात न हलता, कारण टर्कीची नजर भयंकर तीक्ष्ण, बॉक्स कॉल (टर्कीचा आवाज काढायची लाकडी डबी) घासून मादीचा आवाज काढत काढत तिने नराला पार जवळ आणलं, तो पिसारा फुलवून समोर उभा, आणि बरोब्बर त्याच्या मागे एक मादी. छर्रे पसरतात, तिला लागले असते, आणि वसंतातल्या सीझनमध्ये नर किंवा छातीवर दाढीसारखा पिसांचा झुपका असलेला पक्षीच मारायचा असतो, म्हणजे बहुतेक नरच. आत्याने गोळी झाडली नाही. दोघंही निघून गेले. माझ्या मुलाला बंदूक हातात मिळायच्या कितीतरी आधी ही गोष्ट पाठ होती, आणि मला त्याचा खरंच अभिमान वाटतो.

म्हणून फोटो मी काढणार नाही. ती टर्की आम्ही खाल्ली, तिच्या पंखाच्या हाडांचा सासऱ्यांनी फुंकायचा कॉल बनवला, इथल्या मूळ रहिवाशांची जुनी पद्धत आहे ती, आणि मुलगा आता तो वाजवायला शिकतोय. तुम्हाला मेलेला पक्षी बघवत नाही हे मी समजू शकते, त्यामुळे यापुढे असा फोटो असेल तर पोस्टच्या वरच तसं लिहीन.