जमिनीला जमीन दिली, अजून काय हवं?

चांदोलीच्या अभयारण्यग्रस्तांनी कोल्हापुरात पुन्हा ठिय्या मारल्याची बातमी आमच्या शाळेच्या ग्रुपवर आली. खाली एका वर्गमित्राचा शेरा होता : 'जमिनीला जमीन दिली, घराला प्लॉट दिला, अजून काय हवं? आता म्हणे मानसिक त्रास. डिप्रेशन बसून खाणाऱ्यांना येतं.' त्यावर अंगठ्यांची रांग. हा मित्र २०१९ च्या महापुरात दुसऱ्यांची म्हातारी माणसं खांद्यावर घालून बाहेर काढणारा आहे. म्हणूनच त्याचं ते वाक्य डोक्यातून जात नाही.

चांदोलीचं अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं, २००४ साली राष्ट्रीय उद्यान झालं. जंगलातली गावं उठली आणि काही हातकणंगले-शिरोळकडच्या सपाटीला येऊन बसली. माझ्या कॉलेजातल्या एका मित्राचे आजोबा त्यांतले. जन्मभर डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवलेला माणूस. वसाहतीत आल्यावर चौफेर ऊस, डोळ्याला कुठं चढ नाही. 'हितं पाऊस कुठनं येतोय त्येबी कळत न्हाई,' म्हणायचे. देव तिकडंच राहिला, देवराईत. जत्रेला जायचं तर परवानगी काढायची, तीही घरटी मोजक्या माणसांची. एका वर्षी त्यांना जाता आलं नाही, तेव्हापासून ते बांधावर सगळ्यांकडे पाठ करून बसायला लागले. दोन घास खायचे, बोलणं बंद. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि 'वय झालंय' म्हणाले. सातबारा मात्र त्यांच्या नावावर होता. कागदावर त्यांचं पुनर्वसन पूर्ण झालं होतं.

मी न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनला राहतो. १८६३ मध्ये ब्रिटिश फौजा इथल्या वायकाटो भागात घुसल्या आणि त्यानंतर माओरींची, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची, सुमारे बारा लाख एकर जमीन जप्त झाली. आमचं शहर १८६४ मध्ये लष्करी वसाहत म्हणून वसलं. १९४६ साली सरकारनं वायकाटोच्या माओरी जमातीला दरवर्षी ठरावीक रक्कम द्यायचं ठरवलं. माझ्या मित्राच्या हिशेबानं विषय तिथंच संपायला हवा होता. तो संपला नाही. त्या लोकांचं म्हणणं पिढ्यान्‌पिढ्या एकच होतं : जमीन गेली, तर जमीनच परत आली पाहिजे. शेवटी १९९५ साली समझोता झाला, १७ कोटी डॉलरचा, त्यात जमीन परत देणंही होतं. एलिझाबेथ राणीनं स्वतः त्या कायद्यावर सही केली, आणि त्यात राजसत्तेनं माफी मागितली. या जप्तीनं जमातीचं कल्याण आणि विकास पंगू झाला, हे त्या माफीत कबूल केलेलं आहे. आपल्याकडे धरणग्रस्तांपुढं असा कागद कुणी वाचून दाखवल्याचं मला तरी आठवत नाही.

मेसन ड्युरी नावाच्या माओरी मानसोपचारतज्ज्ञानं १९८० च्या दशकात आरोग्याची मांडणी केली, ती इथं माझ्या मुलीच्या शाळेतही भिंतीवर लावलेली आहे. आरोग्य म्हणजे चार भिंतींचं घर : शरीर, मन, आत्मा, कुटुंब. आणि हल्ली त्या घराखाली जमीन दाखवतात. भिंती शाबूत असल्या तरी खालची जमीन गेली तर माणूस उभा कसा राहणार? आमच्याकडे कामावर मीटिंग करकियानं, म्हणजे माओरी प्रार्थनेनं, सुरू होते आणि नवीन माणूस आधी आपला डोंगर आणि नदी सांगतो, मग नाव. मी जोतिबा आणि पंचगंगा सांगतो. कुणी हसत नाही. कोल्हापुरात एखाद्या ऑफिसात असं सांगून बघा.

याचा अर्थ इथं सगळं आलबेल आहे असा नाही. माओरींमध्ये आत्महत्यांचं प्रमाण आजही इतरांपेक्षा जास्त आहे, आणि देशातली जेमतेम पाच टक्के जमीन माओरी जमीन म्हणून उरली आहे. पण जमीन तुटण्याचा आणि मन खचण्याचा संबंध असतो का, यावर इथं वाद होत नाही. ते नुकसान कसं भरून काढायचं, यावर होतो.

मित्र म्हणेल, ते आदिवासी, आणि आपले हे शेतकरी, धनगर. एका मापानं कसं मोजतोस? मी मोजणार. ज्याच्या पिढ्या एका डोंगराच्या देवावर, पाण्यावर, वाऱ्यावर जगल्या, त्याला उचलून दुसरीकडे ठेवलं की होणारी जखम जातीचा दाखला विचारत नाही. आणि तो असंही म्हणेल की तू स्वतः जमीन सोडून डॉलर कमवायला गेलास, तू कोण सांगणारा? याचं उत्तर मी अनेक रात्री शोधलंय. मी गेलो, मला कुणी उठवलं नाही. आमची करवीर तालुक्यातली दीड एकर भाऊ कसतो. तरी उसाला तुरे आले की फोटो पाठव म्हणून मी त्याच्या मागे लागतो, आणि हिस्सा विकायचं नाव काढलं की माझा आवाज चढतो. हे मन मी विमानात बसवून आणलं, तर जबरदस्तीनं उठवलेल्याचं काय होत असेल?

मुलगी झाली तेव्हा मिडवाइफनं विचारलं, बाळाची वार घरी नेणार ना? इथं हे नेहमीचं. आम्ही ती परसातल्या फिजोआच्या झाडाखाली पुरली. माझी गावच्या परड्यात, गोठ्यामागं पुरलेली आहे, आईनं जागा दाखवली होती. माझं कर्जाचं घर मात्र वायकाटोच्या जप्त जमिनीवर आहे, आणि मला या मातीचा हक्क सांगवत नाही. तिकडंही आता मी पाहुणाच, तासाभरात सगळे घड्याळाकडे बघायला लागतात. म्हणून चिडून लिहितोय, हे खरं आहे.

पण माझं मागणं साधं आहे. पुनर्वसनाच्या यादीत रस्ता, विहीर, स्मशानभूमी असते. त्यात जुन्या गावच्या देवाला, देवराईला दरवर्षी जाण्याचा हक्क लिहा. परवानगी नको, हक्क हवा. वसाहतीत महिन्यातून एकदा तरी मानसोपचाराची ओपीडी लावा, त्यांची बोली समजणारा माणूस तिथं बसवा. आणि ग्रुपवर अंगठा दाखवणाऱ्यांनी, ठिय्या उठायच्या आधी एकदा तिथं जाऊन बसावं. भाकरी घेऊन जा, ते लोक एकट्यानं जेवत नाहीत.