निकेयाच्या सभेनं येशूला देव केलेलं नाही

गुड फ्रायडे जवळ आला की कोल्हापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो. शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर येतो, सोसायटीच्या ग्रुपवर येतो, आणि आमच्या चर्चमधल्या तरुण पोरांपैकीही कुणीतरी 'याला उत्तर काय द्यायचं?' म्हणून पुढे ढकलतो. मजकुराचा गाभा असा: येशू हा एक भला उपदेशक होता. इ.स. 325 मध्ये रोमन बादशहा कॉन्स्टंटाइननं आजच्या तुर्कस्तानातल्या निकेया इथं बिशपांची सभा भरवली, मतदान घेऊन त्याला देव ठरवलं, गैरसोयीची शुभवर्तमानं, म्हणजे येशूची चरित्रं, जाळली आणि उरलेल्यांचं बायबल बांधलं. पुढे त्या बायबलात शेकडो फेरफार झाले. तीन देवांची भानगड त्यातूनच निघाली. आणि हे सगळं इंग्रजांनी आपल्या माथी मारलं.

शेवटचं आधी उरकून टाकतो. 1852 मध्ये कोल्हापुरात मिशनचं काम सुरू करणारे रॉयल वाइल्डर अमेरिकन होते, आणि कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं. वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. त्याही मागं जायचं तर सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या एका व्यापाऱ्यानं पश्चिम किनाऱ्यावरच्या 'कल्लियाना' बंदरात इराणहून नेमलेला बिशप असल्याचं लिहून ठेवलंय. अनेक अभ्यासक हे बंदर म्हणजे आपलं कल्याण असं मानतात. त्या वेळी खुद्द इंग्रजच ख्रिस्ती नव्हते. रोमच्या पोपनं पाठवलेले धर्मोपदेशक त्यांच्याकडे पोचले ते 597 मध्ये.

आता निकेया. सभा झाली, बादशहानंच बोलावली, एवढं खरं. पण भांडण कशावरून होतं ते मजकूर लिहिणाऱ्यानं पाहिलेलंच नाही. अलेक्झांड्रियाचा आरियस नावाचा एक पाळक शिकवत होता की पुत्र हा पित्याची पहिली आणि सर्वश्रेष्ठ निर्मिती आहे, त्याच्याच द्वारे जग घडलं, पण 'तो नव्हता असा एक काळ होता'. विरोधक म्हणत होते, पुत्र निर्मिलेला नाही, पित्याच्याच तत्त्वाचा आहे. 'येशू फक्त एक चांगला माणूस होता' ही बाजू त्या सभेत कुणी मांडलीच नाही. आरियससुद्धा त्याला साऱ्या सृष्टीच्या आधीचा मानत होता. म्हणजे मजकुरात ज्या बाजूचा पराभव रंगवलाय, ती बाजू मैदानात उतरलीच नव्हती.

मतदानाचंही तेच. चारदोन मतांनी निसटता निकाल लागल्यासारखं सांगितलं जातं. परंपरा उपस्थितांचा आकडा 318 सांगते, इतिहासकार दोनशे ते तीनशेच्या दरम्यान धरतात. ठरावावर शेवटपर्यंत सही न करणारे बिशप निघाले दोन. त्यांना आणि आरियसला हद्दपार केलं गेलं. बादशहानं आरियसची पुस्तकं जाळायचा हुकूमही दिला, आणि हे मला मुळीच भूषणावह वाटत नाही. पण ती आरियसची पुस्तकं होती, शुभवर्तमानं नव्हेत. ख्रिस्ती धर्मग्रंथ खरोखर गोळा करून जाळले गेले ते 303 मध्ये, आणि जाळणारा डायोक्लेशन हा ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा बादशहा होता.

'सत्तेनं ठरवलं' म्हणणाऱ्यांनी सभेनंतरची पन्नास-पंचावन्न वर्षं जरूर वाचावीत. कॉन्स्टंटाइननं काही वर्षांतच आरियसला परत बोलावलं आणि निकेयाचा कट्टर कैवारी अथनेशियस याला 335 मध्ये आजच्या जर्मनीतल्या ट्रियरला धाडून दिलं. मरताना, 337 मध्ये, बादशहानं बाप्तिस्मा घेतला तो आरियसची पाठराखण करणाऱ्या बिशपाच्या हातून. त्याचा मुलगा कॉन्स्टंटियस उघडउघड निकेयाच्या विरोधात होता. अथनेशियसला एकूण पाच वेळा हद्दपारी भोगावी लागली. सत्तेच्या जोरावर सिद्धांत ठरत असते तर आज आम्ही आरियसचे अनुयायी असतो. राजवाडा विरोधात असताना हा विश्वास टिकला, आणि 381 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या सभेनंतर तो आज आम्ही म्हणतो त्या मतांगीकाराच्या, म्हणजे चर्चमध्ये एकत्र म्हणायच्या विश्वासाच्या कबुलीच्या, रूपात आला.

तरी खरा प्रश्न 325 च्या आधीचा आहे. तेव्हा येशूला देव मानत होते का? याचा मला सगळ्यात आवडणारा पुरावा ख्रिस्ती माणसाचा नाहीच. निकेया हे गाव बिथुनिया प्रांतातलं. सभेच्या दोनशेहून अधिक वर्षं आधी, साधारण 112 मध्ये, या प्रांताचा कारभार धाकट्या प्लिनीकडे होता. ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचं नेमकं करायचं काय हे त्याला उमगेना, म्हणून त्यानं बादशहा ट्राजानला पत्र लिहिलं. अधिकाऱ्यानं वरिष्ठाला पाठवावा तसा तो कोरडा अहवाल आहे. हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून त्याचं स्तोत्र आळीपाळीनं म्हणतात, चोरी-व्यभिचार न करण्याची शपथ घेतात. आणखी माहिती काढण्यासाठी त्यानं मंडळीत सेवा करणाऱ्या दोन दासींचा छळ केला, तेही त्यात नमूद आहे. वेडगळ अंधश्रद्धेपलीकडे काही हाती लागलं नाही, असा त्याचा शेरा. प्लिनीला ख्रिस्ताचं देवपण सिद्ध करण्यात काडीचाही रस नव्हता. ज्या मुलखात पुढे ती सभा भरली, त्याच मुलखातली ही साक्ष आहे.

त्याहून पन्नासएक वर्षं मागं गेलात तर येशूचा प्रेषित पौल याचं, नव्या करारातलं फिलिप्पैकरांस पत्र हाती लागतं. जुन्या करारातल्या यशयाच्या 45व्या अध्यायात परमेश्वर बजावतो की मीच देव आहे, दुसरा कोणी नाही, प्रत्येक गुडघा माझ्यापुढे टेकेल. एकेश्वरवादाचं इतकं निक्षून सांगणारं वचन जुन्या करारात क्वचितच सापडेल. पौल हा कट्टर यहुदी वळणाचा माणूस, आणि तो नेमकं तेच वचन उचलून येशूला लावतो: येशूच्या नावानं प्रत्येक गुडघा टेकावा. हे पत्र पौलाचंच आहे याबद्दल चर्चबाहेरच्या अभ्यासकांनाही शंका नाही. येशूला पाहिलेली माणसं तेव्हा हयात होती.

पुस्तकांच्या निवडीकडे वळू. निकेयाच्या सभेनं वीस नियम केले, ते आजही वाचायला मिळतात. बिशपांनी कसं वागावं, पतितांना परत कसं घ्यावं, असे विषय. बायबलात कुठली पुस्तकं असावीत यावर त्यात एकही नियम नाही. सगळी पुस्तकं वेदीजवळ ठेवली आणि खोटी तेवढी खाली पडली, ही कथा नवव्या शतकाच्या अखेरच्या एका ग्रंथात पहिल्यांदा भेटते. तिला युरोपभर फिरवलं फ्रेंच लेखक व्होल्तेरनं, ते टिंगल म्हणून. प्रत्यक्षात 180 च्या सुमारास लियोंचा बिशप आयरेनियस चारच शुभवर्तमानं मानतो. नव्या कराराच्या नेमक्या 27 पुस्तकांची यादी अथनेशियसच्या 367 च्या पत्रात येते. मधल्या काळात इब्री लोकांस पत्र, प्रकटीकरण, पेत्राचं दुसरं पत्र यांवर खल चाललाच होता. जुन्या करारावर तर आजही एकमत नाही. माझ्या बायबलात 66 पुस्तकं, कॅथलिक शेजाऱ्यांच्या बायबलात 73. बादशहाच्या एका फर्मानानं हे काम झालं असतं तर हा घोळ उरलाच नसता.

आणि ती 'दडवलेली' शुभवर्तमानं? त्यांतली बरीच 1945 मध्ये इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ सापडली, छापली गेली, कुणीही वाचावीत. साधासुधा माणूस येशू शोधायला जाणाऱ्याची तिथं मोठी निराशा होते. त्यांतल्या काहींत तर येशूला खरं दुःखही होत नाही, क्रूसावर दुसराच कुणी असतो आणि तो वरून हसत असतो. भूक लागणारा, थकणारा, मित्राच्या थडग्यापाशी रडणारा येशू हवा असेल तर मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्याकडेच यावं लागतं.

फेरफारांचा मुद्दा जरा सावकाशीनं घ्यायला हवा, कारण इथं आमचीही माणसं वाट्टेल ते बोलतात. 'दोन हजार वर्षांत एक अक्षरही बदललं नाही' असं व्यासपीठावरून ठोकून देणारे वक्ते मी ऐकलेत. ते खरं नाही. नव्या कराराची ग्रीक हस्तलिखितं आज 5,800 च्या आसपास नोंदलेली आहेत आणि त्यांच्यातले पाठभेद लाखांत मोजतात. ऐकून दचकायला होतं. पण प्रती जितक्या जास्त तितके पाठभेद जास्त, आणि त्यांतले बहुतेक शुद्धलेखनाचे नाहीतर शब्दांच्या क्रमाचे. मराठी माणसाला हे नवीन वाटायला नको. नाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहिल्या आणि पाठ शुद्ध केला. त्यामुळे ज्ञानेश्वरी खोटी आहे असं कुणी म्हणत नाही. ताडून पाहायला भरपूर प्रती असल्या की कुठं काय घुसलं ते कळतं.

उदाहरणच घ्या. योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, सातव्या वचनात, पिता, शब्द आणि पवित्र आत्मा हे तिघे एक आहेत अशी ओळ जुन्या इंग्रजी भाषांतरात होती. डच विद्वान इरॅस्मसनं 1516 मध्ये छापील ग्रीक नवा करार काढला तेव्हा त्याला जुन्या ग्रीक प्रतींत ही ओळ मिळाली नाही, म्हणून त्यानं ती घातली नाही. ओरड झाली, आणि 1522 च्या तिसऱ्या आवृत्तीत ती आली. पुढच्या संशोधकांनी ती पुन्हा काढली. म्हणजे त्रैक्याला, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीला, सर्वात सोयीची ओळ, आणि ती मूळची नाही हे ख्रिस्ती विद्वानांनीच दाखवून दिलं. चौथ्या शतकात त्रैक्यावर एवढं रण माजलं, तेव्हा ग्रीक धर्माचार्यांनी ही ओळ पुढे केली नव्हती. ती त्यांच्या प्रतींत नव्हतीच. मार्कच्या शेवटची बारा वचनं आणि व्यभिचारी स्त्रीची गोष्ट, यांच्याबाबतही अभ्यासाच्या आवृत्त्यांत कंस किंवा तळटीप असते. लपवाछपवी करणारे तळटीप देत नसतात.

भाषांतराचं भाषांतर झाल्यामुळे मूळ हरवलं, हेही त्याच मजकुराचं एक शेपूट. पंडिता रमाबाईंना इंग्रजी उत्तम येत होतं, तरी मराठी बायबल करायचं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी केडगावात या कामात घातली.

हस्तलिखितांनी एवढंच ठरतं की लिहिणाऱ्यांनी काय लिहिलं. ते देवाचं वचन आहे हे कुठल्याही चर्मपत्रानं सिद्ध होत नाही. तो विश्वासाचा भाग आहे आणि मी तो विश्वास म्हणूनच सांगतो. पण लिहिलेलंच नंतर कुणीतरी रचलं, हा विश्वासाचा नाही, माहितीचा प्रश्न आहे. त्यात मजकूर सपशेल चुकलाय.

राहता राहिले तीन देव. आम्ही एकच देव मानतो. 'हे इस्राएला, श्रवण कर. आपला देव परमेश्वर हा अनन्य परमेश्वर आहे' हे जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातलं वचन येशूनं स्वतः पहिली आज्ञा म्हणून सांगितलंय. पहिल्या पिढीची अडचण तिथंच होती. एका देवाशिवाय कुणापुढे गुडघा टेकायचा नाही हे हाडीमाशी भिनलेलं, आणि तरी येशूला प्रार्थना केल्यावाचून राहवत नाही. दोन्हींपैकी काहीही सोडायला ती माणसं तयार नव्हती. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तत्त्व एक आणि व्यक्ती तीन, ही मांडणी त्या दोन्ही गोष्टी न सोडता बोलण्याच्या धडपडीतून आली. ती डोक्याला जड जाते, मान्य. मलाही रविवारच्या शाळेत मुलांना सांगताना घाम फुटतो. पण कुणाला रोमन साम्राज्यात चटकन खपेल असा धर्म बेतायचा असता, तर वर एक थोरला देव आणि हाताखाली एक धाकटा, ही आरियसची सुटसुटीत मांडणी तयारच होती, आणि कॉन्स्टंटियस आणि व्हॅलेन्स या दोन बादशहांनी ती चालवायला आपलं सगळं वजन खर्ची घातलं होतं.