आपला होता तो!

समोरच्या संघाची नावं जाहीर झाली की मी आधी त्यात आपली माणसं शोधतो. आपली म्हणजे, आता आपली नसलेली. असा एखादा सापडला की माझी रात्र गेली. तो आज गोल करणार हे मला कळलेलं असतं, त्यालाही कळलेलं असतं, फक्त आमच्या डिफेंडरांना कुणी सांगितलेलं नसतं.

मी लंडनच्या आर्सेनल फुटबॉल क्लबचा डोंबिवलीतला चाहता. त्यामुळे हे दुखणं रात्रीचं.

२९ मे २०१९ ला बाकूमध्ये युरोपा लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची फायनल होती, लंडनच्याच चेल्सीविरुद्ध. सुरू झाली तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेबारा. त्यांच्या आघाडीला ऑलिव्हिए जिरू, जो आदल्या वर्षीच्या जानेवारीपर्यंत आमचा होता. आमच्या गोलमध्ये पेटर चेक, ज्याची उमेदीची वर्षं चेल्सीत गेलेली. म्हणजे आमचा माजी तिकडे, त्यांचा माजी इकडे. अदलाबदलीत कोण फसलं ते एकोणपन्नासाव्या मिनिटाला कळलं. जिरूने झेपावून हेडर मारला आणि लगेच आमच्या लोकांपुढे हात जोडले.

आई पाणी प्यायला उठली होती. "हा तुझा तो दाढीवाला ना रे?"

"होता."

"मग शिव्या कशाला देतोस? हात जोडून माफी मागतोय बिचारा."

माफी मागून झाल्यावर बिचाऱ्याने एक पेनल्टी मिळवून दिली आणि चौथ्या गोलसाठी पासही दिला. आम्ही ४-१ हरलो. चेकची ती शेवटची मॅच. महिना उलटायच्या आत तो चेल्सीत नोकरीला लागला.

अडचण अशी की जिरूवर राग धरता येत नाही. त्याला आम्हीच विकला होता. खरं तर सोडून गेल्याचा राग नसतोच. गेल्यावर त्याचं बरं चाललं, की पोटात दुखायला लागतं. माजी खेळाडूने सुखात असावं, पण बेताने. गोल करावेत, पण तळाच्या संघांविरुद्ध.

रॉबिन व्हॅन पर्सीला हा बेत काही जमला नाही. २०१२ साली तो मँचेस्टर युनायटेडला गेला. आपल्या आतला लहान मुलगा युनायटेडसाठी ओरडत होता, असं त्याचं म्हणणं. मुलगा हट्टी निघाला. त्याने इंग्लंडच्या लीगमध्ये २६ गोल केले, युनायटेडला विजेतेपद मिळवून दिलं, आणि एप्रिल २०१३ मध्ये आमच्याच मैदानावर आमच्या खेळाडूंना दोन रांगा करून त्या सगळ्यांसाठी टाळ्या वाजवाव्या लागल्या. त्यानंतर त्याने आमच्यावर गोलही केला. माझ्याकडची त्याच्या नावाची जर्सी आईने पंख्याची पाती पुसायला घेतली. तिने विचारलं नाही, मीही हरकत घेतली नाही.

मँचेस्टर सिटीचं प्रकरण तर म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, अशातलं. २००९ मध्ये कोलो टुरे आणि अडेबायोर, २०११ मध्ये क्लिशी आणि नासरी, २०१४ मध्ये सान्या, सगळे आमच्याकडून तिकडे. यातल्या अडेबायोरने २००९ च्याच सप्टेंबरात आमच्यावर गोल केला आणि अख्खं मैदान धावत ओलांडून, थेट आमच्या प्रेक्षकांसमोर गुडघ्यांवर घसरत आला. तेव्हा मी त्याला काय काय म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आता मात्र हात जोडणाऱ्यांपेक्षा तोच बरा वाटतो. मनात एक, हातात एक असा प्रकार नाही.

आणि सर्ज नाब्री! २०१६ मध्ये आम्ही त्याला किरकोळीत घालवला. १ ऑक्टोबर २०१९ ला जर्मनीच्या बायर्नकडून खेळताना त्याने आमच्या सख्ख्या वैऱ्यांच्या, टॉटनहॅमच्या, घरी जाऊन एकट्याने चार गोल ठोकले. ७-२! त्या रात्री मी सोसायटीच्या ग्रुपवर "आपला पोरगा" असा मेसेज टाकला. अनेकांनी अभिनंदन केलं. कोणत्या परीक्षेत, असंही विचारलं.

याच आपल्या पोराने ९ एप्रिल २०२४ ला चॅम्पियन्स लीगमध्ये आमच्यावर गोल केला. बायर्नचा दुसरा गोल हॅरी केनचा. केन आधी टॉटनहॅमचा, हे जगाला माहीत आहे. पण आठ वर्षांचा असताना तो आमच्या अकादमीत होता आणि आम्हीच त्याला घरी पाठवलं होतं. म्हणजे दोन्ही गोल घरचेच. पाचच दिवसांनी, रविवारी रात्री नऊला, लीगमध्ये ॲस्टन व्हिला आली. गोलमध्ये एमी मार्टिनेझ, आमच्याकडे दहा वर्षं बहुतेक बाकावर काढून पुढे अर्जेंटिनाचा विश्वविजेता झालेला. बाजूला उभे त्यांचे प्रशिक्षक उनाई एमेरी. बाकूत हेच आमचे प्रशिक्षक होते. त्यांच्या इंग्रजी 'गुड इव्हनिंग'ची आम्ही यथेच्छ नक्कल केली होती आणि २०१९ मध्ये क्लबने त्यांना काढलं होतं. व्हिला २-० जिंकली. लीगचं विजेतेपद आमच्या हातून दोन गुणांनी गेलं.

एवढं सोसणाऱ्या माणसाचं मन मोठं असेल, असं कुणाला वाटेल. तर सोल कॅम्पबेल. टॉटनहॅमचा कर्णधार, २००१ मध्ये करार संपल्यावर फुकटात आमच्याकडे आला. त्यांच्या लेखी तो आजही विश्वासघातकी आहे. आमच्या लेखी तो दूरदृष्टीचा माणूस. तिकडून इकडे आला तर विचारपूर्वक घेतलेला निर्णय, इकडून तिकडे गेला तर गद्दारी. महाराष्ट्रातल्या वाचकांना हे उलगडून सांगायची गरज नसावी.

मध्यंतरी नवी जर्सी घेतली. दुकानातल्या पोराने विचारलं, "मागे कुणाचं नाव टाकू? साका टाकतो, सगळे तेच टाकतात."

साका आमच्या अकादमीतला, अगदी लहानपणापासून. पण ॲशली कोलही अकादमीतलाच होता आणि २००६ मध्ये चेल्सीला गेला. मी म्हटलं, "बर्गकँप टाक. दहा नंबर."

"हा कुठे खेळतो?"

"कुठेच नाही. २००६ मध्ये निवृत्त झाला. शिवाय विमानात बसत नाही. कुणी बोलावलं तरी जाणार कसा?"

त्याने बोटांवर काहीतरी मोजलं. "अक्षराप्रमाणे पैसे आहेत, काका. साका स्वस्तात बसला असता."