पावसाळ्यातील गरम पाणी आणि हीट पंप
पाणी तापवणाऱ्या हीट पंपामुळे वीजबिल कमी होते, असे एका लेखात वाचले; ते म्हणणे योग्यच आहे. मात्र त्यामागचे कारण त्या लेखात थोडे विस्ताराने यायला हवे होते. साधा गिझर विजेपासून उष्णता निर्माण करतो, तर हीट पंप फ्रीजच्याच तत्त्वावर बाहेरच्या हवेतील उष्णता खेचून पाण्याला देतो, त्यामुळे एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता पाण्यात उतरते. २०० लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांपर्यंत तापवायला गिझरला सुमारे ७ युनिट लागतात. हीट पंपाचे काम अडीच युनिटांच्या आसपास भागते. आम्हा कोल्हापूरकरांना याचा खरा उपयोग पावसाळ्यात आहे. पंचगंगा पात्राबाहेर पडते त्या दिवसांत ऊन दिसत नाही आणि गच्चीवरचा सोलर नुसता शोभेला उरतो. हवा मात्र बऱ्यापैकी उबदार व दमट असते, आणि हीट पंपाला तेवढे पुरते. (तांब्याच्या बंबालाही ऊन लागत नसे, पण जळण कोरडे लागे!) यंत्राची किंमत गिझरच्या कितीतरी पट असल्याने दोन माणसांच्या घरात ते परवडेलच असे नाही. शिवाय ते गार हवा बाहेर टाकते आणि थोडा आवाजही करते, म्हणून बंद न्हाणीघराऐवजी मोकळ्या जागी बसवावे.