बादलीतलं पाणी बदला!

लादी पुसून झाली की एकदा पांढरे मोजे घालून घरभर चालून बघा. मागच्या पावसाळ्यात मी हे केलं आणि मोज्यांचे तळवे राखाडी झाले. लादी नुकतीच पुसलेली, पंख्याखाली वाळवलेली, घरभर लेमनग्रासचा वास. तरीही राखाडी! त्या दिवसापासून मी लादी पुसण्याकडे नीट लक्ष द्यायला लागले. आता माझं ठाम मत आहे की बऱ्याच घरांत आपण लादीवरचा मळ उचलत नाही, घरभर सारखा पसरवतो.

बघा ना, अर्धी बादली पाणी आणि एक फडकं. हॉलपासून सुरुवात, मग बेडरूम, मग स्वयंपाकघर. हॉल संपेपर्यंतच पाणी गढूळ झालेलं असतं, आणि तेच पाणी पुढच्या खोल्यांत फिरतं. वर लिक्विडची दोन झाकणं जास्तीची, कारण वास आला की आपल्याला स्वच्छ वाटतं. ते जास्तीचं लिक्विड लादीवरच वाळतं, त्याचा पातळ चिकट थर बसतो आणि त्यावर धूळ आणखी पटकन धरते. मग लादी चिकचिकते म्हणून आपण आणखी लिक्विड ओततो. जंतू मारायचे म्हटलं तरी आधी मळ निघायला हवा, आणि नंतर ते औषध काही मिनिटं लादीवर ओलं राहायला हवं. मळक्या पाण्यात फिनेल टाकून यातलं काहीच साधत नाही.

मी आता दोन बादल्या घेते. एकीत स्वच्छ पाणी, दुसरीत मळकं फडकं खळबळून पिळायचं. लिक्विड बाटलीवर लिहिलंय तेवढंच. प्रत्येक खोलीनंतर मळकं पाणी ओतून टाकायचं. फडकं इतकं घट्ट पिळायचं की पंख्याखाली लादी दोन-तीन मिनिटांत वाळली पाहिजे. त्याआधी केर मात्र मनापासून काढायचा, पलंगाखालचासुद्धा. केस राहिले तर ओल्या फडक्याबरोबर गोळे होऊन कोपऱ्यात जाऊन बसतात. ओट्यापुढचा पट्टा फोडणीच्या तेलानं चिकट होतो, तिथं कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब आणि नंतर दोनदा साधं पाणी. पाण्याची टंचाई असेल तिथं पहिला हात फिल्टरमधून वाया जाणाऱ्या पाण्याचा चालतो, शेवटचा हात स्वच्छ पाण्याचा द्यावा.

माझी आजी जमीन सारवायची तेव्हा आतल्या भिंतीपासून सुरुवात करून मागं मागं सरकत उंबऱ्यापर्यंत यायची. सारवलेल्या जमिनीवर पाय पडला तर सगळं पुन्हा करावं लागे. लादीलाही हाच नियम आहे, तरी आपण ओल्या लादीवरून चालत पुढं जातो आणि पावलांचे ठसे उमटले म्हणून लिक्विडला नावं ठेवतो.

एक चूक मी स्वतः केली आहे, ती सांगायलाच हवी. सासूबाईंच्या घरात जुनी मोझॅकची लादी होती. दिवाळीच्या साफसफाईत मी डागांवर ऍसिड ओतलं. पांढरा फेस आला, मला वाटलं मळ निघतोय. खरं तर लादीच विरघळत होती. मोझॅकमध्ये संगमरवराचे तुकडे आणि सिमेंट असतं, आणि ऍसिड दोन्ही खातं. चकाकी गेली, लादी खरबरीत झाली आणि त्यानंतर मळ तिथंच जास्त धरायला लागला. शहाबादी, कोटा, कडप्पा हेही चुनखडकच. त्यांच्यावर ऍसिड तर नकोच, व्हिनेगर आणि लिंबूही नको. व्हिट्रिफाइड टाइल ऍसिडला टिकते, पण सांध्यांतलं सिमेंट टिकत नाही. आणि ऍसिड व ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

फडक्याबद्दलही बोलायला हवं. ओलं फडकं बादलीच्या काठावर गोळा करून ठेवलं की दुसऱ्या दिवशी त्याचा कुबट वास अख्ख्या घराला लागतो. मी तीन फडकी ठेवली आहेत, रोज एक उन्हात पसरलेलं असतं. पावसाळ्यात ऊन नसलं तर पंख्याखाली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्यापैकी कित्येकींच्या घरी लादी दुसरं कुणीतरी पुसतं. पुण्यात मोलकरणींनी 1980 साली पगारवाढीसाठी संप केला. राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 साली आला. पगार आणि सुट्टी यांवर निदान बोलणं तरी सुरू झालं. पण अख्ख्या घराची लादी पंधरा मिनिटांत, उकिडवं बसून कशी पुसायची, यावर आपण घरात बोलतच नाही. रोज चार-पाच घरी असं बसून सरकायचं म्हणजे गुडघ्यांचं काय होत असेल!

मी आमच्या मावशींना दांड्याचा मॉप आणून दिला, लादीचे पैसे वाढवले आणि अर्धा तास धरा म्हटलं. तरी पाणी काही बदललं जाईना. आठवडाभर मी मनातल्या मनात चिडले. शेवटी विचारलं, "मावशी, पाणी का नाही हो बदलत?"

त्या म्हणाल्या, "ताई, भरलेली बादली उचलून बाथरूमपर्यंत न्यायची, पुन्हा भरून आणायची. तीनदा उचलली की कंबर धरते."

मी आजवर ती बादली कधी उचलून पाहिलीच नव्हती. त्याच संध्याकाळी पाच लिटरच्या दोन छोट्या बादल्या आणल्या आणि मोरीच्या नळाला एक लांब पाइप लावून घेतला. आता पाणी चार वेळा बदललं जातं, मला सांगावंही लागत नाही.