दाखला सांगा, तात्पर्य खिशातच ठेवा

मिशनच्या मराठी प्राथमिक शाळेत, तिसरीच्या वर्गात, "आज आपण हरवलेल्या मेंढराचा दाखला ऐकणार" असं म्हटलं की एक हात हमखास वर होतो. "बाई, मेंढराला दाखला कशाला लागतो?"

पोरांचं काही चुकत नाही. त्यांच्या घरात दाखला म्हणजे जातीचा, उत्पन्नाचा, नाहीतर शाळा सोडल्याचा. मराठी बायबलमध्ये येशूच्या गोष्टींना दाखला म्हणतात, हे रविवारी चर्चच्या शब्बाथ शाळेत जाणाऱ्या चार-पाच मुलांनाच ठाऊक असतं. बाकीचा वर्ग हिंदू, मुसलमान, बौद्ध घरांतला. अमेरिकन मिशन 1831 साली नगरला आलं, आणि त्या भागातल्या मिशन शाळांचं आजचं चित्र थोड्याफार फरकाने असंच आहे. म्हणून त्या वर्गात 'गोष्ट' म्हणावं आणि पुढे जावं. शब्दासाठी पाच मिनिटं घालवली की तीस मिनिटांच्या तासिकेतली उरतात पंचवीस.

माझं म्हणणं एवढंच, की आपण या गोष्टी वाईट सांगतो. वाईट म्हणजे शेवटी तात्पर्य सांगतो. "म्हणून मुलांनो, आपण..." असं वाक्य सुरू झालं की मागच्या बाकावर पट्टी-खोडरबरची अदलाबदल सुरू होते. येशूने यातल्या बऱ्याच गोष्टी प्रश्नावर किंवा अर्ध्यावर सोडल्यात. त्या पुऱ्या करायची घाई आपल्यालाच असते.

हरवलेल्या मेंढराचंच बघा. शंभर मेंढरं, एक हरवतं, मेंढपाळ नव्याण्णव रानात सोडून एकाला शोधायला जातो. याला चिंचोके लागतात. वर्ग पंचेचाळीसचा असेल तर नऊ-नऊ मुलांचे पाच गट आणि प्रत्येक गटाला शंभर चिंचोके, म्हणजे एकूण पाचशे. आदल्या दिवशी मोजून पाच पिशव्या बांधायच्या. हे टाळलं की एका गटात अठ्ठ्याण्णव निघतात आणि गोष्ट तिथेच बुडते, कारण उरलेला वेळ "बाई, आमची दोन हरवली" यातच जातो. मुलांनी दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या. मग त्यांनी डोळे मिटले की प्रत्येक गटातला एक उचलायचा, शक्यतो मधल्या ओळीतला. शेवटच्या ओळीतला उचलला तर पटकन कळतं. मधला उचलला तर पोरं आधी बोटांनी मोजतात, मग भांडतात, मग परत मोजतात. एक गेल्याचं कळायला किती वेळ लागतो, हे त्यांच्या हातालाच कळतं. त्यावर वेगळं बोलायची गरज राहत नाही.

आणि मग खरा प्रश्न येतो. "बाकीच्या नव्याण्णवांना लांडग्याने खाल्लं तर?"

इथे बहुतेक शिक्षक गडबडतात आणि "देव त्यांची काळजी घेतो" म्हणून मोकळे होतात. तसं करू नका. दिवाळीनंतर आपल्या भागात धनगरांचे कळप उतरतात आणि शेतकरी खतासाठी शेतात मेंढरं बसवतात. वर्गात असं एखादं मूल असतंच ज्याने हे जवळून पाहिलंय. त्याला उभं करा. रात्री जाळीची वाघर लावतात, कुत्री असतात, दुसरा माणूस राखणीला असतो, हे ते सांगेल. एरवी गणितात गप्प बसणारं पोर त्या दिवशी वर्गातलं सगळ्यात शहाणं माणूस असतं. तरी कुणी म्हणेल, "पण गोष्टीत कुत्रा नाही सांगितला." खरंच नाही सांगितला. तो प्रश्न फळ्यावर लिहून ठेवावा आणि पुसू नये.

द्राक्षमळ्यातल्या मजुरांची गोष्ट चौथीसाठी. तिसरीला रागच येतो, विचार येत नाही. मळ्याचा मालक पहाटे माणसं आणतो, मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि अकराव्या तासाला आणखी आणतो. तास सूर्योदयापासून मोजायचे, म्हणजे आपल्या घड्याळात सकाळचे नऊ, दुपारचे बारा, तीन आणि संध्याकाळचे पाच. फळ्यावर कामाचे तास मांडा: बारा, नऊ, सहा, तीन, एक. मजुरी सगळ्यांना सारखीच, एक दिनार, म्हणजे त्या काळचा दिवसाचा रोज. पाच मुलं उभी करून खडूचे तुकडे पगार म्हणून वाटा.

एक चूक मात्र नेहमी होते. सवयीने आपण पहाटेच्या मजुरापासून वाटायला सुरुवात करतो, आणि तिथे गोष्ट मरते. पहिल्याला आधी पैसे मिळाले तर तो घेऊन घरी जाईल, पाचवाल्याला काय मिळालं हे त्याला कळणारच नाही. मूळ गोष्टीत मालक मुद्दाम शेवटच्यापासून वाटतो. बारा तास राबलेल्याने एक तासवाल्याच्या हातात पूर्ण दिनार पडताना बघायला हवा, तरच त्याला वाटेल की आपल्याला जास्त मिळणार. तो क्रम सांभाळला की वर्गात आरडाओरडा होतोच. होऊ द्या. कांदा काढायला जाणाऱ्यांच्या घरची पोरं लगेच विचारतात, "काम उक्तं होतं का रोजाने?" ही पोरं या विषयातली तज्ज्ञ आहेत. एखादी मुलगी शांतपणे म्हणते की पाचपर्यंत ज्याला कुणी कामालाच नेलं नाही, त्याच्या घरी पण चूल असेल. म्हणते तर म्हणू दे, नाही म्हणाली तर तिच्या तोंडात घालू नका.

आता नाजूक भाग. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट. यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या माणसाला लुटारू मारहाण करून अर्धमेला टाकून जातात. याजक म्हणजे पुजारी बघून पुढे जातो, लेवी म्हणजे मंदिरातला सेवकही जातो, शोमरोन प्रांतातला परका शोमरोनी थांबतो, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, उतारशाळेत नेतो आणि दोन दिनार देतो. (उतारशाळा म्हणजे कुठली शाळा, हेही विचारलं जातं. धर्मशाळा म्हणा, सुटेल.) आजचा रोज चारशे धरला तर दोन दिनारांचे आठशे होतात, हे मुलं स्वतः काढतात आणि "अनोळखी माणसासाठी?" असं म्हणतात.

ही गोष्ट 'आपली' करायच्या नादात काही जण शोमरोन्याच्या जागी एखादी जात किंवा धर्म घालतात. हेतू चांगला असतो, पण त्या जातीचं पोर तिसऱ्या बाकावर बसलेलं असतं आणि अख्खा वर्ग वळून त्याच्याकडे बघतो. बिचाऱ्याला चांगुलपणाच्या नावाखाली परकं ठरवलं जातं. याहून वाईट म्हणजे पुढे निघून जाणारा याजक दुसऱ्याच धर्माचा पुजारी करून टाकणं. गोष्टीची सगळी धार अशी आहे की न थांबणारे ऐकणाऱ्यांच्याच धर्माचे होते. बदलायचंच असेल तर तिथे पाळकसाहेब घाला, नाहीतर मुख्याध्यापक. पोरं हसतात, आणि गोष्ट जिथे लागायला हवी तिथे लागते.

प्रार्थनेचंही बोलू. संविधानाचं कलम 28(3) स्पष्ट आहे. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवायचं तर संमती हवी, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकाची. म्हणून जूनमध्येच एका पानाची साध्या मराठीतली चिठ्ठी द्यावी आणि सही घ्यावी. ज्यांना नको आहे त्या मुलांना त्या वेळात व्हरांड्यात उभं करू नका, कारण व्हरांडा म्हणजे शिक्षा हे पहिलीपासून सगळ्यांना माहीत असतं. वर्गातच, खिडकीपाशी, वाचायला पुस्तक द्या.

नाताळच्या नाटकाबद्दल थोडंच. मागी लोक, म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी, तीनच होते असं बायबलमध्ये कुठेही नाही, भेटी तीन होत्या. तेव्हा सात मुलांना राजवस्त्रं घालायला काही अडचण नाही, रडारड कमी होते. मेंढपाळांना घरच्या घोंगड्या आणायला सांगा. कापसाच्या दाढ्या डिंकाने चिकटवू नका, खाज सुटून तो नट गव्हाणीसमोरच दाढी ओढतो. इलॅस्टिक लावा.

मोहरीच्या दाण्याची गोष्ट करायची असेल तर दाणे आधी तपासा. घरच्या फोडणीच्या डब्यातली मोहरी कधीकधी इतकी जुनी असते की उगवतच नाही. वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. तीन-चार दिवसांत पंधरा-सोळा तरी फुटले तरच ती वर्गात आणा, नाहीतर बी-बियाण्याच्या दुकानातून घ्या. करवंटीत माती अर्धीच भरा, तळाला एक भोक पाडा आणि गुरुवारी पेरा, म्हणजे सोमवारी हिरवं दिसतं. पंधरा दिवसांनी कुणीतरी तक्रार करणारच, की गोष्टीत झाड झालं होतं आणि पाखरं बसली होती, आमच्याला तर दोनच पानं आहेत. गालीलकडची काळी मोहरी माणसाच्या डोक्यावर जाते हे त्याला सांगा, आणि करवंटी उन्हात सरकवायला लावा.